मूर्तिकला, मृत्तिकाकला व काचकला यांचे शिक्षण

मूर्तिकला, मृत्तिकाकला व काचकला यांचे शिक्षण : घनाकार कलावस्तू घडविण्यासाठी लागणारे द्रव्यज्ञान व हस्तकौशल्य देणारी शिक्षणशाखा. या तिन्ही कलांत द्रव्याचा स्वभावच आकाराची मर्यादा ठरवितो. माती वाळताना आकसते, दगडाचा निघालेला कपचा पुन्हा बसत नाही आणि काच तप्त असेतोवरच वळते. म्हणून हे शिक्षण केवळ ग्रंथांतून मिळू शकत नाही; त्यास भट्टी, कार्यशाळा आणि जाणता शिक्षक यांची जोड लागते.

मूर्तिकलेचा विद्यार्थी प्रथम लोखंडी सांगाड्यावर ओल्या मातीत प्रतिमा घडवितो, नंतर प्लॅस्टरचा साचा घेऊन तिची प्रतिकृती काढतो. पुढे दगडकाम, लाकूडकाम आणि धातूचे ओतकाम शिकविले जाते. मृत्तिकाकलेत चाकावरील काम, साच्यातील काम, झिलई व भाजणी हे टप्पे असतात. पहिली भाजणी सामान्यतः ९००° ते १,०००° से. तापमानास करतात, अश्मपात्रांस १,२००° ते १,३००° से. तापमान लागते. सु. ५७३° से. ला गारेच्या कणांचे आकारमान एकाएकी बदलते. त्या वेळी तापमान झपाट्याने चढले वा उतरले, तर भांडे तडकते. काचेत वाळू, सोडा व चुना हे मुख्य घटक असतात. सोड्यामुळे वाळू कमी तापमानास वितळते आणि चुन्यामुळे काच पाण्यात टिकाऊ होते. घडविलेली वस्तू सावकाश निववली नाही, तर तिच्यात ताण राहून ती पुढे आपोआप फुटू शकते.

महाराष्ट्रात अशा शिक्षणाचा आरंभ मुंबईत झाला. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ मध्ये देऊ केलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग हे वास्तुशिल्पाचे शिक्षक म्हणून तेथे आले. आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्रॉफर्ड मार्केटवरील उत्थित शिल्पे त्यांच्या कल्पनेनुसार झाली. बोरीबंदर येथील रेल्वेस्थानकाच्या (१८७८–८८) अलंकरणातही कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. शिक्षण व प्रत्यक्ष बांधकाम यांची अशी सांगड तेव्हा पडली होती. जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी कुंभारकामास चालना दिली; अजिंठ्याच्या चित्रांतील आकृतिबंध त्या भांड्यांवर उतरले. १९१० मध्ये सर जॉर्ज क्लार्क यांच्या नावाने प्रयोगशाळा स्थापन होऊन तेथे मृत्तिकाकामाचा शास्त्रीय अभ्यास हाती घेण्यात आला. गणपतराव म्हात्रे (‘मंदिरपथगामिनी’), बा. व. तालीम व वि. पां. करमरकर हे मूर्तिकार याच संस्थेशी निगडित होत. करमरकरांचा पुण्यातील शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा (१९२८) प्रसिद्ध आहे. संस्था १९८१ मध्ये मुंबई विद्यापीठास संलग्न झाली आणि २०२३ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

काचेची वाट मात्र निराळी. ती कलाशाळेतून नव्हे, तर स्वदेशीच्या चळवळीतून आली. अंताजी दामोदर काळे यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये काचकारखाना काढला. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभारलेल्या या कारखान्याचा हेतू उत्पादनाइतकाच तरुणांना काचकाम शिकविण्याचा होता. पुढे कऱ्हाडजवळ ओगलेवाडी येथे ओगले बंधूंचा कारखाना निघाला आणि त्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचला. अशा रीतीने काच ही राज्यात उद्योगाची विद्या ठरली. कलेच्या अभ्यासक्रमात तिला अल्प स्थान राहिले. कलात्मक काचेच्या अध्ययनासाठी विद्यार्थ्यास सामान्यतः राज्याबाहेर जावे लागते. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत काच व मृत्तिका यांचा एकत्रित अभ्यासक्रम आहे.

देवळाली कॅम्पसारख्या छावणीच्या गावातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा प्रश्न अंतराचा व खर्चाचाही असतो. तथापि अभ्यासाची सामग्री त्याच्या परिसरात विपुल आहे. पांडवलेण्यांपैकी क्र. ३ च्या दर्शनी भागात ओटा खांद्यांवर पेलणाऱ्या मूर्ती खडकातच कोरलेल्या आहेत. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरात यादवकालीन कोरीवकाम आढळते. ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नासिक व जोर्वे येथे केलेल्या उत्खननांतून ताम्रपाषाणयुगीन भांडी मिळाली. तांबड्या पृष्ठावर काळी नक्षी असलेली जोर्वे भांडी चाकावर घडविलेली असून उत्तम भाजणीमुळे त्यांवर टिचकी मारल्यास खणखणीत आवाज येतो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) मुंबईच्या कलाशाळेत शिकले आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी मूर्तिघडणीचेही धडे घेतले. चित्रपटनिर्मितीत त्यांना या विविध कौशल्यांचा उपयोग झाला.

या शिक्षणाची खरी अडचण साधनांची आहे. भट्टी बंद पडली, तर मृत्तिकाकलेचा वर्ग वहीपुरता उरतो. ओतकामाची सोय नसेल, तर मूर्तिकार प्लॅस्टरपाशी थांबतो. भट्टी किती वेळ तापवावी आणि केव्हा निववावी, याचा अंदाज एका पिढीकडून दुसरीकडे हातानेच जातो. ही साखळी एकदा तुटली, तर ती केवळ लेखी अभ्यासक्रमाने जोडता येत नाही. म्हणून चालू कार्यशाळा हाच अशा महाविद्यालयाचा पाया होय.