पेडल कडक, बूस्टर निर्दोष

कुंभार्ली घाट उतरून आलेल्या गाड्या चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर मुंबई-गोवा महामार्गाला मिळतात. त्यामुळे ब्रेकची तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांना इथल्या गॅरेजांत तोटा नाही. पावसाळा नुकताच संपलाय आणि कराडकडून आलेली एक जुनी डिझेल हॅचबॅक नाक्याजवळच्या गॅरेजात उभी आहे. मालक वैतागलेले. "घाटात अक्षरशः उभं राहून ब्रेक दाबायची वेळ आली हो. आमच्याकडच्या गॅरेजवाल्याने पॅड बदलले, तरी तेच. आता म्हणतो, बूस्टरच टाका."

मिस्त्री लगेच बॉनेट उघडत नाहीत. आधी चारही रिमांजवळ पालथा हात नेतात. पुढची दोन्ही चाकं घाटामुळे तापलेली, पण सारखीच, मागची कोमट. एखादंच चाक भाजत असतं तर गोष्ट वेगळी होती. समुद्राकाठच्या दमट हवेत कॅलिपरच्या पिना गंजतात, पॅड डिस्कला धरून बसतो. तशा वेळी ते चाक जॅकवर उचलून कॅलिपरचं निप्पल सैल करतात. तेल उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकलाय: रबरी होज आतून बंद झालाय किंवा मास्टर सिलिंडर तेल परत घेत नाहीये. तेल सोडूनही चाक फिरेना, तर कॅलिपरच जाम.

पायाखालचं पेडल बरंच काही सांगतं. लिबलिबीत लागलं तर लाइनमध्ये हवा. दाबून धरल्यावर हळूहळू खाली गेलं तर गळती, नाहीतर मास्टर सिलिंडरचे रबर संपलेले. आणि दगडासारखं कडक लागून गाडी थांबत नसेल, तर पायाला मिळणारी मदत कुठेतरी तुटली आहे.

ही मदत करतो तो बूस्टर: पेडलच्या समोर, इंजिनाच्या बाजूला बसवलेला पत्र्याचा काळा गोल डबा. त्याच्या आत आडवा ताणलेला रबरी पडदा असतो. पाय उचललेला असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंना निर्वात. पेडल दाबलं की पायाकडच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला पुढे ढकलते. नऊ इंची पडद्याचं क्षेत्रफळ साधारण 410 चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरवर पाऊण किलोच्या जरा आत दाबाचा फरक धरला, तरी अडीचशे किलोंहून जास्त जोर नुसत्या हवेतून मिळतो. बेल्जियन इंजिनिअर आल्बेर देवांद्र यांनी 1920च्या दशकातच असा निर्वात सर्व्हो बनवला होता. आपल्याकडच्या सुरुवातीच्या ॲम्बॅसडरमध्ये मात्र बूस्टर नव्हता. ड्रायव्हरची मांडी हाच बूस्टर.

पेट्रोल गाडीत हा निर्वात इंजिनाच्या इनटेकमधून फुकट मिळतो. डिझेल इंजिनात तो तसा पुरेसा तयार होत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. काही गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला, काहींत कॅमशाफ्टवर चालणारा. पंप, पाइप, पाइपातला वन-वे व्हॉल्व्ह, बूस्टर. चौघांपैकी कुणीही दगा दिला तरी पेडल तितकंच कडक होतं. दोष सरळ बूस्टरवर ढकलायची खोड इथूनच लागते, आणि तो काही स्वस्त नसतो.

मिस्त्री सीटवर बसतात. इंजिन बंद ठेवून चार-पाचदा पेडल मारतात, ते कडक होतं. मग पाय तसाच दाबून ठेवून चावी फिरवतात. इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली बोटभर खाली सरकायला हवं. ते जेमतेम हलतं. पायाजवळ 'फुस्स' आवाज येतोय का, हेही ते कान देऊन ऐकतात. पडदा फाटला की बहुतेक वेळा अशी खूण मिळते. इथे तीही नाही.

आता बॉनेट उघडतं. मालक घाईने म्हणतात, "बूस्टरच ना?"

"थांबा काका, अजून त्याची पाळी आली नाही."

बूस्टरकडचा पाइप उपसून मिस्त्री त्याच्या तोंडावर अंगठा ठेवतात. ओढ आहे, पण मेलेली. गेज लावल्यावर काटा पाऱ्याच्या बारा इंचांच्या आसपास रेंगाळतो. मग तोच गेज थेट पंपाच्या तोंडाला. काटा झपकन पंचविसापाशी. पंप ठणठणीत. व्हॉल्व्ह काढून ते तोंडाने फुंकून पाहतात: एका बाजूने हवा जाते, दुसऱ्या बाजूने अडते. उरला पाइप. वरून तो नवा वाटावा असा. खालच्या वळणावर, ब्रॅकेटला घासणाऱ्या जागी, मिस्त्री नखाने काळा थर खरवडतात आणि पाइप जरा वाकवतात. नखाएवढी चीर तोंड उघडते. पाइप सोडला की मिटते. इंजिन हललं की पाइप वाकायचा, हवा आत शिरायची. घाटात लागोपाठ ब्रेक मारताना बूस्टरमधला साठा भरूनच यायचा नाही.

नवा पाइप व्हॉल्व्हसकट येतो. तो बसवून ब्रॅकेटच्या धारेवर रबराचा तुकडा बांधला जातो. शेवटी व्हॉल्व्ह आणि बूस्टरच्या मध्ये गेज जोडून इंजिन बंद. काटा जागचा हलत नाही, म्हणजे बूस्टर निर्वात धरून ठेवतोय. जो बदलायचा म्हणून मालक हजारो रुपयांची तयारी करून आले होते, तो डबा जागचा हलवावाही लागला नाही.

बिल देताना मालकांचा प्रश्न, "उतारावर इंजिन बंद केलं तर डिझेल वाचतं ना?"

"वाचतं की. दोन-तीन ब्रेकमध्ये साठा संपतो, मग पेडल पुन्हा असंच दगड. वर स्टेअरिंगही जड." मिस्त्री फडक्याला हात पुसतात. "आणि उद्या सकाळी चावी लावायच्या आधी एकदा पेडल दाबून बघा. पहिल्याच दाबाला मऊ लागलं पाहिजे. कडक लागलं तर तसेच घाट चढू नका, मला फोन करा."