जुन्या लॅपटॉपला हलकी प्रणाली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मदत थांबली. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. पंधरा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप तिथेच अडतो. तरीही तो भंगारात देण्याची घाई करू नका. लिनक्स या दुसऱ्या प्रणालीच्या हलक्या आवृत्त्या मोफत मिळतात आणि त्यांवर असे यंत्र पुन्हा कामाला लागते.

आधी दोन गोष्टी तपासा: रॅम किती आहे आणि प्रोसेसर ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा. ६४ बिट आणि ४ जीबी रॅम असेल, तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. विंडोजची सवय असलेल्याला ती परकी वाटत नाही. २ जीबी असेल तर लुबुंटू बरे. प्रोसेसर ३२ बिटचा आणि रॅम जेमतेम १ जीबी असेल, तर अँटिएक्स वापरून पाहा. पपी लिनक्स तर सगळे रॅममध्येच उतरवून घेते, त्यामुळे हार्ड डिस्क बिघडली तरी पेन ड्राइव्हवरून चालते.

एक मर्यादा लक्षात ठेवा. प्रणाली हलकी झाली तरी ब्राउझर जडच राहतो. रॅम कमी असेल तर एका वेळी दोन-तीनच टॅब उघडा. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर वेगातला फरक लगेच जाणवतो.

प्रणाली बसवण्याआधी फाइलींची प्रत दुसरीकडे काढा. मग पेन ड्राइव्हवरूनच नवी प्रणाली चालवून वायफाय, आवाज आणि मराठी टंकलेखन नीट चालते ना, ते पाहा.