कोल्हा 'हुफ्' करतो तेव्हा मागे फिरा! पिल्लं असताना कोल्हे कसे बोलतात?

आनंदनगर (ता. अंबरनाथ) : दिवेलागण झाली की एमआयडीसीच्या मागच्या माळावरून, चिखलोली धरणाच्या अंगाने कोल्हेकुई ऐकू येते. हा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. पण बिळात पिल्लं असताना हेच जनावर बारीक आवाजात बोलतं, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. उन्हाळ्यात आपली राब भाजणी आणि जेसीबीची कामं एकाच वेळी चालतात, त्यामुळे हे आवाज कळलेले बरे.

आधी नावाचा गोंधळ मिटवू. इंग्रजीतला फॉक्स म्हणजे खोकड. ते लहान असतं, शेपटीचं टोक काळं, आणि देशावरच्या उघड्या माळावर जास्त दिसतं. आपल्याकडे ओरडतो तो कोल्हा, म्हणजे जॅकल.

कोल्हा-कोल्हीण जोडीने राहतात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास जुळतात आणि साधारण ६३ दिवसांनी पिल्लं होतात. म्हणजे नेमका एप्रिल-मे. बीळ स्वतः उकरतात, नाहीतर साळिंदराचं जुनं बीळ घेतात. आठ-दहा दिवसांत पिल्लांचे डोळे उघडतात आणि तीनेक आठवड्यांनी ती बिळाच्या तोंडाशी यायला लागतात. बोलणं खरं सुरू होतं ते इथून.

आई-बाप शिकार पोटात घालून आणतात. पिल्लं कुईकुई करत त्यांचं तोंड चाटतात, मग मोठी जनावरं पोटातलं ओकून त्यांना भरवतात. कधी कधी मागच्या वर्षीची मोठी झालेली पोरंही घर सोडत नाहीत, धाकट्यांना भरवतात आणि राखण करतात. बिळातून बाहेर बोलवायचं असेल तर हलकं कण्हल्यासारखा आवाज. धोका दिसला की गुरगुरून एकच आखूड 'हुफ्', आणि सगळी पिल्लं क्षणात बिळात. विलायतेतला लाल फॉक्सही असंच खोकल्यासारखं करून पिल्लांना आत पिटाळतो. तुम्ही शेताच्या बांधावर असताना झुडपातून असा 'हुफ्' आला तर तो तुमच्यासाठीच आहे. बीळ जवळ आहे, आल्या वाटेने मागे फिरा.

लांब कोल्हेकुई वेगळी. ती हद्द सांगायला आणि पांगलेल्या घरच्यांना हाक द्यायला. एक सुरू करतो, बाकीचे वरच्या पट्टीत मिसळतात, म्हणून तीन कोल्हे दहा वाटतात. मोठे बहुतेक उभे राहून ओरडतात, लहान बसून. भोंगा किंवा इंजिनाची शिटी वाजली तरी कोल्हे साद देतात. मग आपल्याकडे त्यांना निमित्ताची काय कमी!

जुनी माणसं 'भालू ओरडली, काहीतरी वाईट होणार' म्हणतात. बिबट्यासारखं मोठं जनावर जवळ असलं की कोल्हा एकटाच, नेहमीपेक्षा वेगळा, कर्कश ओरडतो. अपशकुन वगैरे काही नाही, पण त्या रात्री शेळ्या आत बांधाव्यात.

आता महत्त्वाचं. बिळाबाहेर एकटं पिल्लू दिसलं की पोरं ते उचलून आणतात, 'आई सोडून गेली' म्हणून. आई सोडून जात नाही. ती शिकारीला गेलेली असते, किंवा तुम्हाला बघून वीस पावलांवर झुडपात दबलेली असते. माणूस हलल्याशिवाय ती पुढे येत नाही. म्हणून लांब व्हा, कुत्री बांधा. बांधावरचा पाला पेटवायच्या आधी बिळं बघून घ्या. धूर आत गेला की आत पळालेली पिल्लं तिथेच गुदमरतात.

पिल्लू घरी पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि रोगाची भीती वेगळीच. २०२४ मध्ये मुंबईत चेंबूर-ट्रॉम्बेकडच्या कोल्ह्यांत रेबीज सापडला होता. दिवसाढवळ्या न बुजता अंगावर येणारा, लाळ गळणारा कोल्हा दिसला तर काठी घेऊन मागे लागू नका. चावला किंवा ओरखडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात इंजेक्शन घ्या. जखमी कोल्हा किंवा उघडं पडलेलं बीळ दिसलं तर वन विभागाची हेल्पलाइन १९२६.