अंगणातली ऑक्टाव्हिया

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतल्या मंडळींनी एकत्र येऊन एका दिवशी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा होता आणि देशभरच्या वर्तमानपत्रांनी तो पहिल्या पानावर नेला. त्या गाड्यांचं पुढे काय झालं, यावर लिहावं असं संपादकांच्या मनात होतं. त्या शोधात शहरभर फिरताना एका टायरवाल्यानं वेगळाच पत्ता दिला. "मर्सिडीजचं राहू द्या साहेब. दौलताबादला एक काका घरच्या अंगणात आरएस खोलून बसलेत. ती बघून या."

आरएस म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. हिचा जन्म याच जिल्ह्यातला. स्कोडाचा शेंद्र्याचा कारखाना २००१ साली सुरू झाला. चेक प्रजासत्ताकातून सुट्या भागांच्या पेट्या यायच्या आणि इथले कामगार त्यांच्या गाड्या जुळवायचे. २००४ साली त्यातच आरएस आली. १.८ लिटरचं, २० व्हॉल्व्हचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि १५० अश्वशक्ती. दिसायला चार दारांची घरगुती गाडी, पण त्या काळच्या आपल्या रस्त्यांवर तिच्या जोडीला धावणारं फार थोडं होतं. दोन दारांच्या बुटक्या गाडीलाच स्पोर्ट्स कार म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. आरएस चालवलेला माणूस मात्र घालेल.

दौलताबाद शहरापासून पंधराएक किलोमीटरवर आहे. यादवांची देवगिरी, १३२७ साली तुघलकानं आणलेली राजधानी, मेंढा तोफ हे सगळं वाचकांना शाळेपासून माहीत आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी हंगामात सीताफळांच्या पाट्या लागतात, वेरूळच्या बसगाड्या वेशीतून वाट काढतात, आणि मुख्य रस्ता सोडून गावात वळलं की दहा पावलांत शांतता होते. काकांचं घर तिथेच. अंगणात पत्र्याची शेड, शेडमध्ये पुढची दोन्ही चाकं काढलेली काळी गाडी. जमीन मुरमाची असल्यामुळे, गाडी ज्यांवर टेकवली होती त्या घोड्यांखाली शहाबादी फरशीचे तुकडे, त्यावर जाड फळ्या. नुसत्या मुरमावर घोडी टेकवली तर गाडीच्या वजनानं ती एका बाजूला रुतते आणि खाली माणूस असतो. काढलेली चाकं काकांनी गाडीखालीच आडवी सरकवून ठेवली होती. घोडी सुटलीच तर गाडी चाकावर पडावी, अंगावर नाही.

काका वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टूलरूममधून निवृत्त झालेले. उभी हयात साचे आणि जिग बनवण्यात गेली. गाडी जुनी, दुसऱ्या हाताची. मदतीला लेक होती, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. फोनवर गाडीचं दुरुस्तीपुस्तक उघडून ती एकेक पायरी वाचत होती आणि मधेच, "पप्पा, थांबा, आधी एबीएसची वायर सोडवायची आहे," असं म्हणून बापाला आवरत होती. काका खरोखर थांबत होते.

शॉकअप बदलायची वेळ आली हे त्यांनी टायरवरून ओळखलं. बंपर दाबून गाडी किती डोलते ते बघायची जुनी रीत आहे, पण तिचा भरवसा नाही. अर्धा मेलेला शॉकअपही त्या परीक्षेत पास होतो. टायरच्या पृष्ठावर ठरावीक अंतरानं झीज झालेले खळगे मात्र खोटं बोलत नाहीत. ते पडतात कारण चाक रस्त्यावर टेकून राहत नाही, उड्या मारत जातं. खड्ड्याचा धक्का झेलते ती स्प्रिंग. पण स्प्रिंगला झेललेलं परत द्यायची सवय असते. एकटी सोडली तर ती गाडीला सेकंदाला एक-दीड वेळा वरखाली झुलवत राहील. शॉकअपच्या नळीत तेल असतं आणि त्या तेलातून दट्ट्या जातो. दट्ट्यातल्या बारीक झडपांमधून तेल रेटताना झुलण्याची ऊर्जा उष्णतेत जाते आणि हवेत विरते. तेलाला फेस आला तर झडपा निकामी होतात, म्हणून नळीत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. सील गेलं की तेल झिरपतं आणि मग वेगात वळण घेताना गाडी आपल्या ताब्यात नाही असं वाटायला लागतं. तसं वाटणं बरोबरच असतं. शॉकअपला आरामाची वस्तू समजणारे बरेच आहेत. ब्रेक आणि स्टिअरिंग ज्याच्या भरवशावर चालतात असा तो भाग आहे.

मागचे शॉकअप दुपारपर्यंत झाले. या गाडीत मागची स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, त्यामुळे वरचा जोड सोडला, खालचा बोल्ट काढला की काम भागतं. एकच पथ्य: खालच्या बोल्टचा शेवटचा आवळा गाडी चाकांवर उभी असताना द्यायचा. गाडी लटकत असताना आवळला तर आतला रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत जखडतो आणि वर्षभरात फाटतो.

पुढच्या बाजूला मात्र गाडी हटून बसली. पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असतात. हा स्ट्रट खाली ज्या ओतीव भागात बसतो त्याला मेकॅनिक मंडळी नकल म्हणतात. चाकाचं बेअरिंग आणि ब्रेकही त्याच नकलला. बऱ्याच गाड्यांत स्ट्रट दोन बोल्टांनी नकलला जोडलेला असतो. बोल्ट काढले, मोकळा. ऑक्टाव्हियाच्या नकलला उभी फट असलेली एक कडीच आहे. स्ट्रटची नळी वरून तिच्यात उतरते आणि एक आडवा बोल्ट ती कडी नळीभोवती आवळतो. घडण सुबक आहे. पण वीस पावसाळ्यांत त्या कडीत आणि नळीत गंज बसला की बोल्ट काढल्यावरही कडी नळीला सोडत नाही.

शहरातल्या गॅरेजांत यावर घण चालवतात. घणानं स्ट्रट निघतो, कधीकधी बेअरिंग घेऊन निघतो. फटीत छिन्नी ठोकणारेही आहेत, त्यात ओतीव कान तडकण्याची भीती. कंपनीनं यासाठी एक वेगळं हत्यार केलेलं आहे: टोक चपटं, एका बाजूनं साडेपाच मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूनं आठ. अरुंद बाजू फटीत घालायची आणि पाव फेरा द्यायचा. आठ मिलिमीटरची बाजू आडवी येते, फट तेवढी रुंदावते आणि तेवढ्यात नळी मोकळी होते. अडीच मिलिमीटरचाच सारा खेळ.

हत्यार मागवता आलं असतं. काकांनी आठ मिलिमीटरचा ॲलन सॉकेट घेतला, पकडीत धरला आणि त्याच्या दोन समोरासमोरच्या बाजू ग्राइंडरवर उतरवायला घेतल्या. मी तिथून हललो नाही. दोन-तीन सेकंद दगडाला टेकवायचा, काढायचा, पाण्यात बुडवायचा, पुन्हा टेकवायचा. पोलाद निळं पडलं तर त्याचं पाणी उतरतं आणि पिळताना टोक वळतं. म्हणून घाई नाही. साडेपाचच्या जवळ आल्यावर ग्राइंडर बंद आणि कानस हातात. कॅलिपर लावला, दोन हात कानस, पुन्हा कॅलिपर. दोन्ही बाजू एकमेकींना समांतर आहेत का, ते सॉकेट उजेडासमोर धरून पाहिलं. शेवटी कोपऱ्यांना कानशीचा हलका स्पर्श, म्हणजे फिरवताना नकलच्या ओतीवात ते रुतू नयेत. अर्ध्या तासात तयार झालेल्या त्या तुकड्यावर चमक नव्हती. माप मात्र जिथे हवं तिथे होतं.

फटीत आदल्या रात्रीपासून गंज सोडवणारं तेल सोडलेलं होतं. अँटी-रोल बारची लिंक सुटली, खालच्या बॉल जॉइंटचे बोल्ट सुटले, ब्रेकची नळी तारेनं वर बांधली गेली. ब्रेकचं धूड नळीवर लोंबकळलं तर नळी आतून फाटते आणि बाहेरून कळतही नाही. मग काकांनी सॉकेट फटीत बसवला आणि पाना हळूहळू फिरवला. गंजाची तांबूस भुकटी खाली झरली. लेकीनं नकलवर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीचे तीन-चार हलके ठोके दिले आणि नकल सरकत खाली आली. ड्राइव्ह शाफ्टचा सांधा ताणला जाऊ नये म्हणून काकांचा दुसरा हात आधीच तिच्याखाली होता.

हा हात वाळूजनं तयार केलाय. बजाजचा कारखाना १९८५ साली तिथे उभा राहिला. एन्ड्युरन्सची सुरुवातही त्याच वर्षी, त्याच वसाहतीत ॲल्युमिनियमच्या ओतकामानं झाली; आज तीच कंपनी दुचाकींचे शॉकअप लाखांनी बनवते. या कारखान्यांच्या भोवती शेकडो लहान टूलरूम वाढल्या आणि त्यांनी आसपासच्या गावांतून एक पिढी घडवली, जिला मिलिमीटरचा दहावा भाग बोटाला कळतो. मर्सिडीजच्या बातमीत ही पिढी कुठेच नव्हती. या शहराचं खरं धन तेच आहे, असं मला त्या अंगणात वाटलं आणि अजूनही वाटतं.

स्ट्रट बाहेर आला तरी धोका संपत नाही. वरचा मोठा नट काढला की स्ट्रट गाडीच्या बॉडीपासून सुटतो. त्याखालचा दुसरा, खाचांचा नट मात्र दाबलेल्या स्प्रिंगला धरून असतो. स्प्रिंग कंप्रेसरनं दोन्ही बाजूंनी सारखी आवळून वरच्या बैठकीपासून सुटी झाल्याशिवाय तो नट हलवायचा नाही. सुटलेली स्प्रिंग माणसाचा जबडा फोडते. इथे काकांनी लेकीला दूर उभं केलं आणि स्वतःही स्प्रिंगच्या तोंडासमोरून बाजूला झाले. घरी हे काम करू पाहणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे: कंप्रेसर चांगला नसेल तर एवढा भाग गॅरेजवर नेऊन करून घ्या.

चाकांची गोष्ट आधीच्या मालकानं बिघडवून ठेवली होती. त्यानं १७ इंची बाजारू अलॉय चढवलेले. २२५/४५ टायरची भिंत १०१ मिलिमीटर भरते, १६ इंचावरच्या २०५/५५ची ११३. बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, पण खड्डा आणि रिम यांच्यामधलं रबर एक सेंटिमीटरहून जास्त कमी होतं. खुलताबादच्या घाटात आणि वेरूळच्या रस्त्यावर त्या सेंटिमीटरची किंमत वाकलेल्या रिमनं मोजावी लागते. काकांनी १६ इंची मूळ चाकं शोधायला घेतली आणि तिथून अडचणींची रांग लागली.

शहराच्या भंगारात लॉराची चाकं ढिगानं मिळतात. लॉरा म्हणजे ऑक्टाव्हियाचीच पुढची पिढी. पण तिचे पाच बोल्ट ११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर, पहिल्या ऑक्टाव्हियाचे १०० वर. बसतच नाहीत. १०० वाली चाकं गोल्फ, बीटल, पहिली ऑडी टीटी अशा त्याच सांगाड्याच्या गाड्यांची चालतात. त्या आपल्याकडे होत्याच किती? शेवटी पुण्याहून जुना संच आला. तो आल्यावर लेकीनं बोल्ट तपासायला लावले ते फार बरं झालं. कंपनीच्या चाकाच्या छिद्राची बैठक गोलसर असते, बाजारू अलॉयची बहुधा शंकूसारखी उतरती. गाडीवर शंकूचे बोल्ट होते. शंकूचा बोल्ट गोल बैठकीत आवळला जातो, घट्टही वाटतो, पण धातू एका बारीक कडेवर टेकलेला असतो आणि काही दिवसांत ढिला होतो. नवे बोल्ट मिळेपर्यंत गाडी घोड्यांवरच राहिली. मग ते १२० न्यूटन-मीटरला, चांदणीच्या क्रमानं आवळले.

स्ट्रटच्या वरचं बेअरिंग मिळालं. नकलचा आडवा बोल्ट एकदाच वापरायचा असतो, तोही मिळाला. खालच्या आर्मचे मागचे बुश चिरलेले निघाले. त्यांच्यासाठी घातलेली ऑर्डर दोनदा रद्द होऊन आली. शॉकअप अजून मिळतात, कारण जगभर हा सांगाडा लाखो गाड्यांखाली आहे. दरवाजाची कुलपं, टर्बोच्या नळ्या, खास आरएसचे असे भाग दरवर्षी दुर्मिळ होताहेत.

कागदांचा खर्चही वाढतोय. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी १०,०००. त्यावर राज्याचा पर्यावरण कर. जुन्या, धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात हे मला मान्य आहे. मात्र ज्या गाडीचा प्रत्येक बोल्ट मापात आवळलेला आहे आणि जिचा धूर तपासणीत पास होतो, तिला केवळ जन्मतारखेवरून भंगाराकडे ढकलणं मला पटत नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. २००४च्या रबरी नळ्या आणि सीलं त्याचा विचार करून बनवलेल्या नव्हत्या. काकांनी इंधनाच्या नळ्या बदलायच्या यादीत वरती घेतल्या आहेत.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती काकांच्या बरोबरीच्या माणसांची. टूलरूममध्ये आता संगणकावर चालणारी यंत्रं मापं राखतात, आणि ते योग्यच आहे. पण कानस हातात धरून समांतर बाजू काढणारी ही माणसं एकेक करून निवृत्त होताहेत आणि ते कौशल्य कुठल्याच अभ्यासक्रमात पूर्ण उतरलेलं नाही. काकांच्या लेकीनं डिप्लोमात फायलिंगचं एकच प्रात्यक्षिक केलं होतं. दुसऱ्या बाजूचा स्ट्रट काढायची वेळ आली तेव्हा काकांनी सॉकेट तिच्या हातात दिला आणि घोडीजवळ जाऊन बसले. तिनं फटीत बसवलेलं टोक तिरपं होतं. "काढ. सरळ बसव. मग फिरव," एवढंच ते म्हणाले. तिनं काढलं, सरळ बसवलं, फिरवलं.

अलाइनमेंटला गाडी शहरात न्यावी लागली; ते काम अंगणात होत नाही. परतताना काकांनी ती थेट घरी न आणता घाटावर नेली, मी मागच्या सीटवर. वळणात गाडी एकदाच वाकली आणि तिथेच स्थिर राहिली. वरच्या सपाटीवर लेकीनं चाकांचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्यानं तपासले. नव्या बैठकीवर बसवलेले बोल्ट थोडं चालवल्यावर एकदा बघावेच लागतात. उजव्या मागच्या चाकाचा एक बोल्ट किंचित फिरला, बाकीचे जागेवर होते. आर्मच्या बुशांची ऑर्डर तिनं त्याच संध्याकाळी तिसऱ्यांदा घातली.