वास्तुप्रतिमान, संगणकीय : प्राथमिक मांडणी

इमारतीचा आराखडा कल्पनेच्या अवस्थेत असतानाच तिचे त्रिमितीय प्रतिमान संगणकावर उभारण्यासाठी जी परिमाणे, आदिबिंदू, दिशा, मजलापातळ्या, स्तंभजाल व ढोबळ घनाकार आरंभी ठरवावे लागतात, त्यांच्या रचनेस प्राथमिक मांडणी म्हणतात. या अवस्थेत वास्तुशिल्पज्ञाजवळ माहिती अल्प असते. भूखंडाचा नकाशा, मालकाच्या गरजा, स्थानिक बांधकाम नियम व एखादे हस्तचित्र एवढ्यावरच त्याला निर्णय घ्यावे लागतात. परंतु नेमके याच वेळचे निर्णय इमारतीच्या खर्चावर व स्वरूपावर सर्वाधिक परिणाम करतात. काम पुढे सरकते तसतशी खर्चावर प्रभाव टाकण्याची क्षमता घटत जाते व बदलाची किंमत वाढत जाते, हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील बॉइड पॉलसन यांनी १९७६ मध्ये आलेखाद्वारे मांडले. अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ पॅट्रिक मॅक्लिमी यांचा याच आशयाचा वक्र एकविसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्धी पावला. संगणकीय प्रतिमानामुळे हा नियम बदललेला नाही. उलट तो अधिक तीव्र झाला आहे. कारण पुढे काढले जाणारे सर्व नकाशे, छेद व कोष्टके या एकाच प्रतिमानातून निघतात [⟶ वास्तुकला, संगणक].

ऐतिहासिक आढावा : आयव्हन सदरलंड यांनी १९६३ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सिद्ध केली. तीत प्रकाशलेखणीने पडद्यावर आकृती काढता येत व मूळ आकृतीत केलेला बदल तिच्या सर्व प्रतींत आपोआप उमटे. एकच भिंत नकाशात, छेदात व दर्शनी चित्रात तीनदा काढावी लागते आणि त्यांत विसंगती शिरते, ही जुन्या पद्धतीची अडचण कार्नेगी–मेलन विद्यापीठातील चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ च्या सुमारास स्पष्ट केली. संपूर्ण इमारतीचे एकच वर्णन संगणकात साठवून त्यातून सर्व रेखाटने काढावीत, असे त्यांनी सुचविले. १९८२ मध्ये बूडापेस्ट येथे स्थापन झालेल्या ग्राफिसॉफ्ट या संस्थेची ‘आर्किकॅड’ ही प्रणाली त्याच दिशेची होती. २००० मध्ये ‘स्केचअप’ व ‘रेव्हिट’ या दोन्ही प्रणाली बाजारात आल्या. पहिली आकार चटकन उभारण्यास सोयीची, तर दुसरी परस्परसंबद्ध घटकांवर आधारलेली असल्याने अनेक कार्यालयांत कल्पना एकीत व काम दुसरीत अशी विभागणी रूढ झाली.

आदिबिंदू व दिशा : भूमापनाच्या नकाशातील सहनिर्देशक बरेच मोठे असतात. पुणे–मुंबई परिसरात विषुववृत्तापासूनचे उत्तर अंतर सु. २१ लाख मी. भरते. संगणक पडद्यावर चित्र उमटविताना संख्येचे ठराविक अंकच हाताळत असल्याने एवढ्या मोठ्या आकड्यांवर रचलेल्या प्रतिमानात रेषा थरथरतात, कडा जुळत नाहीत व छायांकन बिघडते. यास्तव प्रतिमानाचा आदिबिंदू इमारतीच्याच एखाद्या कोपऱ्यात अथवा स्तंभाच्या छेदनबिंदूवर घेतात आणि भूमापनाच्या बिंदूशी असलेले त्याचे अंतर व कोन यांची स्वतंत्र नोंद ठेवतात. भूखंड तिरपा असला, तरी काम करताना इमारत पडद्यावर सरळ दिसावी म्हणून ‘कामाची उत्तर’ वेगळी मानतात. मात्र सूर्यप्रकाशाच्या अभ्यासासाठी खरी उत्तर दिशा व स्थळाचे अक्षांश द्यावेच लागतात. ते न दिल्यास प्रणाली तक्रार करीत नाही. ती स्वतःजवळचे एखादे स्थळ गृहीत धरते. ‘स्केचअप’चा जन्म अमेरिकेतील बोल्डर (कोलोराडो) येथे झाला आणि तिच्या कोऱ्या प्रतिमानाचे स्थळ म्हणून दीर्घकाळ तेच शहर नोंदलेले असे. २२ डिसेंबरच्या मध्यान्ही १४·७ मी. उंचीच्या इमारतीची सावली पुण्यात सु. १३ मी., तर बोल्डरला सु. २९·५ मी. पडते. जूनमध्ये पुण्यातील मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे कलतो. बोल्डरला तो तसा कधीच कलत नाही. स्थळाचा उल्लेख राहून गेलेल्या प्रतिमानावरून खिडक्यांवरील छज्जे योजल्यास ते परक्या सूर्यासाठी योजलेले ठरतात.

मजलापातळ्या : प्राथमिक मांडणीत सर्वाधिक विचार मागणारा भाग हाच. उदाहरणादाखल पुण्यातील १,००० चौ. मी. च्या भूखंडावर, वाहनांसाठी २·७ मी. उंचीचा स्टिल्ट ठेवून त्यावर निवासी चार मजले योजले आहेत, असे मानू. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (२०१६) राहण्याच्या खोलीची स्वच्छ उंची किमान २·७५ मी. हवी. स्लॅबची जाडी १५ सेंमी. व फरशी–गिलावा यांचे काही सेंमी. धरल्यास एका फरशीपासून दुसऱ्या फरशीपर्यंतचे अंतर ३ मी. येते. १५ सेंमी. च्या २० पायऱ्यांत ते चढता येते व दोन टप्प्यांच्या जिन्यात प्रत्येकी १० पायऱ्या बसतात. एकूण उंची १४·७ मी. होते.

आता वातानुकूलनाच्या नळ्यांसाठी मजल्याची उंची १५ सेंमी. ने वाढवावी, असे ठरले. प्रतिमानात ही एका आकड्याची दुरुस्ती होय. परंतु प्रत्येक मजल्याला २१ पायऱ्या लागू लागतात, जिन्याचा एक टप्पा एका पायरीने लांबतो व जिन्याची खोली सर्व मजल्यांवर सु. २५ सेंमी. ने वाढवावी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकूण उंची १५·३ मी. होते. १५ मी. व त्याहून उंच इमारत उक्त संहितेच्या दृष्टीने उंच इमारत ठरत असल्याने अग्निसुरक्षेच्या अधिक कडक तरतुदी तिला लागू होतात. (राज्यांच्या व महानगरांच्या नियमावलींत ही मर्यादा वेगळी असू शकते.) तेव्हा मजल्याची उंची हा साच्यातून उचलण्याचा आकडा नव्हे. अनेक कार्यालयांत मात्र पूर्वसिद्ध साच्यासोबत आलेले अंतर तसेच राहते व नियमांची पडताळणी होईपर्यंत कोणाच्याही लक्षात येत नाही.

अशी दुरुस्ती निर्धोक व्हावयाची, तर भिंती, स्तंभ व जिने यांचे माथे वरच्या पातळीला जोडलेले असावे लागतात. मग पातळी सरकताच ते सर्व सरकतात. भिंतीला केवळ ‘३ मी.’ अशी स्वतंत्र उंची दिलेली असल्यास पातळी वर जाते, भिंत तेथेच राहते व मध्ये फट पडते. दूरच्या चित्रात ही फट दिसत नाही. स्तंभजालाबाबतही हेच खरे : भिंती जालरेषांना बांधलेल्या असतील, तरच स्तंभांमधील अंतर बदलून पाहण्याचे स्वातंत्र्य उरते.

घनाकार व क्षेत्रफळ : पातळ्या निश्चित झाल्यावर भिंती न काढता इमारतीचा ढोबळ घनाकार रचतात; प्रणाली तो प्रत्येक पातळीवर कापून क्षेत्रफळाची बेरीज देते. वरील भूखंडास चटई क्षेत्र निर्देशांक १·१ धरल्यास १,१०० चौ. मी. म्हणजे मजल्याला २७५ चौ. मी. (उदा., २० × १३·७५ मी.) मिळतात. येथे क्षेत्रफळ कोठून कोठपर्यंत मोजावयाचे, हे प्रणालीला आधी सांगावे लागते. बाहेरील भिंती २३ सेंमी. जाडीच्या असून मोजणी त्यांच्या मध्यरेषेपर्यंत झाल्यास कोष्टकात १,१०० चा आकडा दिसत असतानाही चार मजल्यांचे प्रत्यक्ष बांधकाम सु. ३१ चौ. मी. ने जास्त भरते. बाल्कन्या, जिने व लिफ्टच्या जागा गणनेत कितपत घ्यावयाच्या, हे स्थानिक नियमांवर अवलंबून असते. ते कोणत्याही प्रणालीला उपजत ठाऊक नसते.

अनिश्चितता दर्शविण्याचा प्रश्न : कागदावरील हस्तचित्रात पुन्हापुन्हा गिरविलेली रेषाच सांगते, की विचार अद्याप पक्का नाही. संगणकाची प्रत्येक रेषा सारखीच ठाम असते. घाईत ओढलेली भिंतही ३,४१७ मिमी. अशा मापाने नोंदली जाते, आणि ते माप पाहणाऱ्या मालकाला किंवा संरचना अभियंत्याला ते विचारपूर्वक ठरविल्याचा भास होतो. त्यामुळे या अवस्थेत थरांचा तपशील नसलेल्या सामान्य भिंती वापरणे, मापे ५ सेंमी. च्या पटीत ठेवणे, खिडक्या–दरवाज्यांऐवजी नुसती छिद्रे दाखविणे असे उपाय योजतात. काही प्रणालींत रेषा हाताने काढल्यासारख्या दाखविण्याची सोय असते. ती वरवरची वाटली, तरी तिचा उपयोग मोठा आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या करारपत्रात घटकांच्या परिपक्वतेच्या १०० ते ५०० अशा पायऱ्या दिल्या आहेत. १०० या पायरीवरील घटकाचे अस्तित्व तेवढे गृहीत धरावयाचे, माप नव्हे. २०० वर माप अंदाजी मानावयाचे. ही पायरी संपूर्ण प्रतिमानाला नसून एकेका घटकाला असते, हे बहुधा विसरले जाते.

प्रणालींमधील देवाणघेवाण : भिन्न प्रणालींनी परस्परांची प्रतिमाने वाचावीत, यासाठी ‘आयएफसी’ ही सामायिक मांडणी विकसित झाली व २०१३ मध्ये तिला आयएसओ १६७३९ या आंतरराष्ट्रीय मानकाचे स्वरूप मिळाले. तरीही केवळ पृष्ठांनी बनलेले कल्पनाचित्र दुसऱ्या प्रणालीत नेल्यास तेथे आकार पोहोचतो. तो भिंत आहे की छत, हे पोहोचत नाही. त्यामुळे बहुतेक कार्यालयांत ते पुन्हा नव्याने उभारले जाते. भूखंड व नियम सांगितले असता इमारतींच्या अनेक मांडण्या आपोआप सुचविणाऱ्या प्रणालीही आता उपलब्ध आहेत. मूळ नॉर्वेतील ‘स्पेसमेकर’ ही अशीच एक प्रणाली होती; २०२० मध्ये ऑटोडेस्क या अमेरिकन कंपनीने ती विकत घेतली. मात्र त्यांनाही भूखंडाची हद्द, दिशा, मजल्याची उंची व क्षेत्रफळ मोजण्याची रीत आरंभी द्यावीच लागते, आणि यांपैकी एकही आकडा चुकला, तर सुचविलेल्या सर्व मांडण्या सारख्याच प्रमाणात चुकतात.