रक्तपेशीचे कान

तोरणमाळचा घाट कधी पायी चढला आहात? अर्ध्या वाटेतच पोटऱ्या भरून येतात, छाती भात्यासारखी चालते. अशा वेळी पेशींमधलं ए.टी.पी. हे इंधन भराभर खर्च होतं आणि त्यातून अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ तयार होतो. "इथे प्राणवायू कमी पडतोय हो!" अशी ती जणू हाकच असते.

पण हाक ऐकायला कान नकोत का? पेशींवरच्या या कानांना 'ग्राही' म्हणतात. अ‍ॅडेनोसिनचे ग्राही चार प्रकारचे. हृदयाने हाक ऐकली की ठोके मंदावतात, मेंदूने ऐकली की डोळ्यांवर झापड येते. चहातलं कॅफिन मेंदूच्या या कानांत बोळे घालतं, म्हणून तर चहाने झोप उडते!

लाल रक्तपेशीलाही 'ए-टू-बी' नावाचा कान आहे. हाक आली की ती आपल्याजवळचा प्राणवायू चटकन सोडते. केवढी सोय!

पण नंदुरबारच्या सातपुड्यात, अक्राणी-अक्कलकुव्याकडे, भिल्ल आणि पावरा घरांत सिकलसेलचा आजार बराच आढळतो. त्यात हीच सोय उलटते. प्राणवायू सुटला की सदोष हिमोग्लोबिनच्या दोऱ्या वळतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. असे ताठ विळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हातपाय असह्य ठणकतात. आपली पेशी १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २०. ती फुटली की आणखी अ‍ॅडेनोसिन, आणखी विळे!

२०११ मध्ये ह्यूस्टनच्या शास्त्रज्ञांनी हे चक्र उलगडलं. आजारी उंदरांमध्ये तो कान बंद केला, तर विळे कमी झाले. म्हणजे रुग्णाला चहा पाजायचा? छे! कॅफिन नेमका तेवढाच कान निवडत नाही. गंमत म्हणजे काही डॉक्टरांनी उलटी वाट धरली. सूज कमी व्हावी म्हणून 'ए-टू-ए' हा दुसरा कान औषधाने जागा केला. २०१७ मध्ये त्या चाचणीचा निकाल आला. उपयोग झाला नव्हता.

तोवर हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या आहेत, भरपूर पाणी पिणं आहे. या मुलांना फार दमणं, कडाक्याची थंडी बाधते. वर्गातला असा मित्र घाटात मागे राहिला, तर तो आळशी नसतो बरं का!

आई-बाबा दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणून तपासणी हवी. बोटातून थेंबभर रक्त घेऊन नळीतल्या द्रावणात टाकतात आणि मागे रेघांचा कागद धरतात. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर पुढची तपासणी करतात. मग कळतं, माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण.