गारा मार्चमध्ये, नुकसान पावसाळ्यात
छपराची तपासणी वेळीच करा

गारपिटीची बातमी आली की द्राक्षे, गहू, हरभरा आणि कांदा यांची चर्चा होते. ती व्हायलाच हवी, शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न त्यात जाते. पण त्याच गारा आपल्या घरांवर, दुकानांवर, गोदामांवर आणि यंत्रमागांच्या शेडवरही पडतात. त्याचा हिशेब मात्र आपण ठेवत नाही. हा हिशेब न ठेवल्याची किंमत मी स्वतः मोजली आहे, म्हणून हे चार शब्द.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात सलग अनेक दिवस गारपीट झाली. लातूर जिल्ह्यातील माझ्या कापडाच्या गोदामावरही गारा पडल्या. दुसऱ्या दिवशी खालून वर पाहिले. एकही पत्रा उडाला नव्हता, मोठे भोक नव्हते. अल्हम्दुलिल्लाह म्हणून कुलूप लावले. त्या वर्षी पाऊस लांबला. जून कोरडा गेला आणि रमजानचे रोजे सुरू झाल्यावर पहिला जोरदार पाऊस आला. ईदसाठी भरलेला माल गोदामात होता. सकाळी दार उघडले तर वरच्या गाठी ओल्या, आणि ओल खाली झिरपत गेलेली. विमा कंपनीला कळवले तेव्हा उत्तर मिळाले की हे वादळाचे नुकसान नव्हे, जुन्या छपराची गळती आहे. मार्चमध्ये गारपीट झाल्याचा एक फोटोदेखील माझ्यापाशी नव्हता. दावा नामंजूर झाला.

गारा का पडतात?

फेब्रुवारी ते मे या काळात आपल्याकडे जमीन तापलेली असते आणि वरच्या थरात हवा थंड असते. त्यात अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावरून दमट वारे आले की दुपारनंतर उंच ढग तयार होतात. ढगातील वर चढणारा वारा पाण्याच्या थेंबांना गोठणबिंदूच्या वर नेतो. तिथे बर्फाच्या कणावर थरावर थर चढतात. वाऱ्याला वजन पेलेनासे झाले की गार खाली येते. लिंबाएवढी गार ताशी ५०-६० किलोमीटर वेगाने आदळू शकते, आणि सोबत वादळी वारा असला तर ती तिरपी बसते.

कोणत्या छपराला काय होते?

आमच्या भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि माळवदाखाली हजारो माणसे गेली. त्यानंतर अनेकांनी माळवद उतरवून पत्रे घातले. भूकंपासाठी हलके छप्पर चांगलेच. पण माळवदाला गारेचे भय नव्हते, पत्र्याला आहे.

लोखंडी पत्र्याला सहसा आरपार भोक पडत नाही. त्याला पोचे पडतात, जस्ताचा लेप उडतो आणि तिथून गंज धरतो. हुकांचे वायसर फुटतात, हुकाभोवतीचे भोक मोठे होते. सिमेंटच्या पत्र्याला केसासारखी चीर जाते. ती खालून दिसत नाही, पण पहिल्या पावसात बोलते. उजेडासाठी घातलेला फायबरचा पत्रा सर्वांत आधी फुटतो, विशेषतः उन्हाने जुना झालेला असेल तर. कौले फुटतात व सरकतात. स्लॅबवाल्यांनी निश्चिंत राहू नये. पाण्याची टाकी, सौर पॅनेल आणि गच्चीवरील पन्हाळी त्यांनीही पाहावी. पन्हाळीत पालापाचोळा अडकला की पाणी भिंतीत उतरते.

तपासणी कशी करावी?

गारा पडत असताना माल वाचवायला बाहेर धावू नका. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मुरादाबादेत ३० एप्रिल १८८८ रोजी गारपिटीत २४६ माणसे मेली होती. एका गारपिटीतील बळींची जगातील ही सर्वांत मोठी नोंद आहे. गारा थांबल्यावर पाणी आत आले असेल तर आधी मेन स्विच बंद करा. ओल्या मोटरला, लूमला हात लावू नका.

मग भर दुपारी दारे-खिडक्या लावून, दिवे बंद करून आत उभे राहा. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खडूने खूण करा. त्यानंतर एकाने शिडीवरून पत्र्यावर पाणी सोडावे, दुसऱ्याने आत पाहावे. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवू नका. तो माणसाचे वजन धरत नाही, आणि चीर गेलेला तर मुळीच नाही. जाणकार मिस्त्री बोलवा. त्यालाही कैचीवर आडवी फळी टाकूनच चढू द्या. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात एसबेस्टॉस असते व त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. म्हणून तो कोरडा कापू, घासू किंवा झाडू नये. पाणी मारून, अख्खा उतरवावा.

लोखंडी पत्र्याचे वायसर बदलून व लहान भोके बुजवून काम भागते. सिमेंटच्या चिरेला लेप लावून मात्र एखादाच पावसाळा निघतो. पत्रा बदलणेच स्वस्त पडते. फायबरच्या पत्र्याखाली जाळी लावा आणि त्याच्या खाली माल रचू नका. गाठी फळीवर ठेवा, वर ताडपत्री टाका. हे सर्व जूनच्या आत व्हावे.

खर्च कोणाचा?

विमा घ्यावा की नाही, हा मसला आपापल्या आलिमांना विचारावा. मी व्यापारी आहे, फतवा देणारा नाही. पण ज्यांनी बँकेचे कर्ज घेतले आहे त्यांच्या नावावर बहुधा विमा आधीच उतरवलेला असतो आणि त्यांनी तो कधी वाचलेला नसतो. पॉलिसी मागवून पाहा. पुष्कळदा त्यात माल व यंत्रे असतात, इमारत नसते. मग छप्पर कोणत्याच कागदावर नसते. वादळात गारपीट धरली आहे का, हे लेखी विचारा. नुकसान झाले तर त्याच दिवशी कळवा. गारेशेजारी नाणे ठेवून फोटो काढा, फुटलेले तुकडे व भिजलेला माल सर्वेअर येईपर्यंत टाकू नका, स्टॉकची वही जपून ठेवा.

सरकारी मदतीत गारपीट ही मान्य आपत्ती आहे. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या मुदतीच्या निकषांत घराचे किमान १५ टक्के नुकसान झाले असेल तर पक्क्या घराला ६,५०० व कच्च्या घराला ४,००० रुपये ठरले होते. हातमाग व हस्तकला कारागिरांना अवजारांसाठी ५,००० आणि कच्च्या वा तयार मालासाठी ५,००० रुपयांची तरतूद होती. दुकान-गोदामाच्या छपरासाठी वेगळी रक्कम नव्हती. पंचनामा झाल्याशिवाय काही मिळत नाही, आणि बांधकाम अधिकृत असावे लागते. म्हणून घरपट्टीची पावती व नोंदीचा उतारा आजच काढून ठेवा. कारागिरांनी आपले ओळखपत्रही जवळ ठेवावे.

भाडेकरूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. छप्पर मालकाचे असते, माल आपला असतो. मशिदीच्या किंवा वक्फच्या गाळ्यात धंदा असेल तर दुरुस्तीची मागणी मुतवल्लींना लेखी द्या आणि पोच घ्या. दुरुस्ती कोण करणार, हे भाडेकरारातच लिहून घेतलेले बरे. ज्यांना विमा नको आहे त्यांनी मोहल्ल्यातील चार दुकानदार मिळून दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवावी. पत्र्यांचा खर्च त्यातून भागू शकतो.

उंट मोकळा सोडून तवक्कुलची गोष्ट करणाऱ्याला हुजूर (स.) यांनी काय शिकवले, ते आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. हवामान खात्याने गारपिटीचा इशारा दिला की ताडपत्री बाहेर काढावी, गारा थांबल्या की छप्पर पाहावे. माझे रमजानचे नुकसान दोन-तीन पत्रे आणि मूठभर वायसर वेळेवर न बदलल्याने झाले. आपले होऊ नये, हीच दुआ.